मेधाची तबूकची भूमिका

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मेधाला – माझ्या बायकोला – तर नाहीच.

तिला जुन्या हॉलिवूडचं वेड. त्यातही हुकलेल्या भूमिकांचं. अमकी भूमिका आधी कुणाला मिळणार होती, कुणाच्या हट्टापायी ती गेली – सगळं तोंडपाठ. रियाधच्या आमच्या मित्रमंडळींत ती हे किस्से रंगवून सांगते आणि शेवटी हसत म्हणते, "माझंही तसंच. तबूकची भूमिका कफीलने घालवली." मग सगळे कफीलला – ज्याच्या जबाबदारीवर परदेशी माणूस इथे राहतो त्या प्रायोजकाला – शिव्या घालतात. मीही घालतो. सगळ्यांत मोठ्याने!

झालं असं – तबूकजवळच्या वाळवंटात एका परदेशी सिनेमाचं शूटिंग होतं. भारतीय दाईची भूमिका होती, एका व्यापाऱ्याचीही. आम्ही दोघांनी व्हिडिओ पाठवले. सांगलीला कॉलेजच्या नाटकांत नायक नेहमी मी. मेधा विंगेतून वाक्यं पुरवायची. निवड तिची झाली. मला साधं उत्तरही आलं नाही.

त्यांना फक्त कफीलचं संमतीपत्र हवं होतं. मेधाला वाटलं, कफील म्हणजे माझी कंपनी. मी आठवडाभर विचारत असल्याचं नाटक केलं – बरं वठलं ते! – आणि सांगितलं, "खलास. नाही म्हणतात." ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

पण इथे बायको नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या राहण्याच्या परवान्यावर, राहते. तिचा कफील कंपनी नसते, नवरा असतो. एक कागद आणि खाली माझी सही, एवढंच लागत होतं. तुम्हीच सांगा, मी विचारणार कुणाला होतो?

का केलं? घराचं कोण बघेल, मुलीची परीक्षा – स्वतःला बरीच कारणं दिली. खरं एकच. अभिनय ती माझ्यापेक्षा चांगला करते, आणि ते चारचौघांत दिसायला नको होतं. मी जळलो.

सिनेमा इथे लागला तेव्हा तिकिटं तिनेच काढली. दाई पडद्यावर आली तसे मेधाचे ओठ हलू लागले. सगळी वाक्यं पाठ – अजून. बाहेर येऊन म्हणाली, "बरी केली रे तिने. रडताना जरा घाई केली."

यंदा दिवाळीला मित्रमंडळींनी नाटुकलं बसवायचं ठरवलं. मुख्य काम मेधाने करावं, असा सगळ्यांचा आग्रह. ती नाही म्हणाली. घरी आल्यावर मला म्हणाली, "आता नको रे. उगाच आशा लागते."

मी "बरोबर आहे" म्हणालो. आणि मला – आता खोटं कशाला बोलू – हायसं वाटलं.