वजनावर घेतलेले स्पीकर

माझ्या गाडीच्या काचा दोन बोटांच्या खाली उतरत नाहीत, आणि यात माझी तसूभरही चूक नाही.

चूक दुकानदाराची. मी राहतो नाशकात, व्यापार करतो लासलगावला, कांद्याचा. शून्यातून वर आलो ते एकाच कौशल्यावर: माल हातात तोलायचा आणि समोरच्याने भाव सांगितला की आधी हसायचं. त्या दिवसांत पल्लवीचं, माझ्या मुलीचं, लग्न ठरत आलं होतं. मुलाचे आईवडील मनमाडचे. आमचं घर बघून होकार द्यायचा एवढंच बाकी होतं, आणि त्यांना आणायला मी स्वतः जाणार होतो. म्हटलं, गाडीत झकास सनई वाजली पाहिजे.

दुकानदाराने चपटे स्पीकर पुढे केले. एक उचलून बघितला. पापड!

"हा काय माल आहे? तो मागचा दाखवा, जड दिसतोय तो."

"शेठ, त्याचं मॅग्नेट मोठं आहे. तुमच्या गाडीची दारं उथळ. काच खाली आली की मॅग्नेटवर अडकणार."

"म्हणजे भारी माल गिऱ्हाइकाला द्यायचाच नाही, असं सांगा ना."

"मग खाली जाड रिंग टाकून स्पीकर पुढे घ्यावा लागेल. तिचे वेगळे पडतील."

"रिंग फुकट."

"फुकटात पातळ येते, शेठ."

"पातळ चालेल."

जड स्पीकर हलक्याच्या भावात पाडून घेतले. (तो शेवटी पटकन 'हो' म्हणाला, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.) त्या पातळ रिंगेने काचेला जागा झाली नाही ती नाहीच, वर स्पीकर जरासा पुढे आल्याने दाराचं आतलं कव्हर बसेना. कारागिराने ते बुक्क्या मारून बसवलं आणि म्हणाला, "काचा उघडू नका."

"एसी कशाला आहे मग?" मी म्हटलं.

घरी पल्लवीने बजावलं, "पप्पा, उद्या कुणाशी भांडू नका हं. मला हाच मुलगा हवाय."

"मी कधी भांडतो?" मी तिच्यावर ओरडलो.

मनमाडहून निघताना व्याह्यांनी पानाचा भला मोठा तोबरा भरला आणि मागच्या सीटवर बसले. सनई सुरू झाली. चांदवड सोडलं तोच मागून आवाज आला, "हुं. हुं."

आरशात पाहिलं. व्याही मान वर करून, डोळे विस्फारून हातवारे करत होते. म्हटलं, माणूस दर्दी आहे. आवाज वाढवला.

"हुं हुं हुं!"

आणखी वाढवला.

शेवटी विहीणबाईंनी माझ्या खांद्यावर थापट्या मारल्या. "अहो भाऊ, काच! यांना थुंकायचंय!"

बटण त्यांनी केव्हाच दाबलं होतं. काच दोन बोटं उतरून अडकली होती. मी गाडी कडेला घेईपर्यंत व्याह्यांना दम निघेना. त्यांनी दाराचं हँडल जोरात ओढलं. दार उघडलं नाही, कव्हर उघडलं. त्यामागोमाग फुकटची रिंग तुटली आणि स्पीकर थेट त्यांच्या मांडीवर आला, सनई वाजवतच. दचकून त्यांनी तोंड उघडलं.

शर्ट पांढरा होता.

"पावणं," ते तोंड पुसत म्हणाले, "हा काय प्रकार हाय?"

"लबाड दुकानदार, दुसरं काय!" मी उसळलो, आणि नाशिक येईपर्यंत सगळी घासाघीस शब्दन् शब्द ऐकवली. दोघं अगदी शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, पटतंय.

घरी व्याही माझा शर्ट घालून जेवले. पल्लवीचा चेहरा पांढराफटक. हात धुऊन ते म्हणाले, "मुलगी पसंत हाय. पण एक अट हाय."

अट म्हटल्यावर मी सरसावून बसलो. निम्म्यावर आणायची तयारी ठेवली.

"लग्नाच्या खरेदीत तुम्ही बोलायचं नाय."

"मंजूर," पल्लवी म्हणाली. माझ्याआधी!

बस्त्याच्या दिवशी दोन्ही घरची माणसं कापड दुकानात गादीवर बसली. मला बाहेर पायरीवर बसवलं होतं, चपलांपाशी. आतून बायकोचा गोड आवाज आला, "तुम्हीच लावा हो भाव, तुमच्या मनाने."

आणि लासलगावात ज्याच्या तोंडाला भलेभले व्यापारी टरकतात तो मी, त्याच तोंडात रुमाल कोंबून चपला राखत बसलो.