मानेवर ठेवलेला हात

शनिवार पेठेतल्या त्या प्राण्यांच्या दवाखान्यात ज्ञानदेव इंगोलेंना नावानं हाक मारणारे फक्त श्रीनिवास डॉक्टर. बाकी सगळ्यांना ते ‘मांजरवाले काका’. लोकांना आपल्या मांजराची जन्मतारीख पाठ असे, पण टेबलावर ते मांजर धरून उभ्या असलेल्या माणसाचं नाव वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ज्ञानदेवांनाही त्याचं काही वाटत नसे. निदान ते तसं म्हणत.

ते मूळचे वाशीमकडचे. एकविसाव्या वर्षी हडपसरच्या एका कारखान्यात प्रेसवर लागले आणि तिसऱ्या वर्षी उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली आली. बोटं राहिली, त्यांतला जोर गेला. गावाकडे लग्न ठरलेलं होतं. मुलीकडच्यांनी वावगा शब्द काढला नाही. फक्त ज्ञानदेवांच्या पुढच्या पत्राला उत्तर आलं नाही. पुढे विचारायला कुणी गेलं नाही आणि कुणी आलंही नाही. मग पडेल ती कामं करत करत ते या दवाखान्यात झाडलोट करायला लागले.

एके सकाळी एक भेदरलेला बोका दोघांना ओरबाडून खिडकीच्या पडद्यावर चढून बसला. ज्ञानदेवांनी झाडू खाली ठेवला, स्टुलावर चढले, एका हातानं त्याला खालून आधार दिला आणि अधू उजव्या हातानं त्याच्या मानेमागची सैल कातडी धरली. त्या बोटांना जोरात धरणं जमणारच नव्हतं. बोक्यानं एकदा गुरगुर केली, पाय पोटाशी घेतले आणि सैल पडला. श्रीनिवास डॉक्टर बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून झाडू दुसऱ्याच्या हातात गेला.

दवाखाना दुपारी एकला बंद होई आणि साडेचारला उघडे. ज्ञानदेवांची खोली हडपसरच्या पुढे मांजरी गावात, उसाच्या शेतांना लागून उठलेल्या नव्या इमारतींच्या मागे. तिथवर बसनं जाऊन परत येण्याइतका वेळ नसे. मग ते दवाखान्यातल्याच बाकावर डबा खात आणि भिंतीकडे बघत बसत. रविवारी संध्याकाळी वाशीमहून बहिणीचा, इंदुबाईचा फोन येई. “जेवलास का?” ती विचारी. “जेवलो,” ते म्हणत. एवढंच.

गेल्या मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, “ज्ञानदेव, दुपारचा अर्धा तास द्याल का? मागच्या गल्लीत आनंदीबाई केतकर राहतात. त्यांच्या बोक्याची मूत्रपिंडं गेली आहेत. रोज कातडीखाली सलाईन द्यायचंय. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांना रोज आणणं जमायचं नाही.”

आनंदीबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. वय शहात्तर. एकट्या. त्यांनी दार उघडलं ते घड्याळाकडे बघतच.

“दीडला येणार होतात.”

“एक बत्तीस झाले जी. जिने जरा...”

“जिने मलाही आहेत.”

बोक्याचं नाव दिवाण. पंधरा वर्षं दिवाणावरच बसून काढली म्हणून दिवाण. ज्ञानदेवांनी सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगली, जमिनीवर मांडी घातली आणि दिवाणाला हात हुंगू दिला. मग हळूच मानेमागची कातडी चिमटीत घेतली, तिचा लहानसा तंबू केला आणि त्यात सुई सरकवली. दिवाण हलला नाही.

“उचलत नाही तुम्ही त्याला,” बाई म्हणाल्या.

“मोठ्या मांजराला मानेनं उचलायचं नसतं. वजनानं त्रास होतो. नुसतं धरायचं.”

“तो शांत झालाय, की घाबरून गप्प बसलाय? कसं कळतं तुम्हाला?”

वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ज्ञानदेवांनी हनुवटीनं दिवाणाच्या कानांकडे खूण केली. “कानांवरून कळतं. घाबरलेलं असलं की कान मागे चिकटतात, अंग ताठ होतं, डोळे मोठ्ठे होतात. तसं झालं की मी लगेच सोडतो. मग टॉवेलात गुंडाळून घ्यावं लागतं. सगळ्यांना नाही चालत मान धरलेली.”

“हं,” आनंदीबाई म्हणाल्या. “मलाही खात्यात सगळे शांत म्हणायचे. कान बघितले नव्हते कुणी.”

ज्ञानदेवांना हसावं की नाही कळेना. ते बाटलीतल्या थेंबांकडे बघत राहिले.

त्यानंतर रोज दुपारी दीड. पंधरा मिनिटं थेंब पडत राहत आणि दोघंही दिवाणाकडे बघत बसत. आनंदीबाई वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसत. एकदा त्या स्वतःशीच पुटपुटल्या, “उभं आठ. नांगराची मूठ. तीन अक्षरं.”

“रुमणं,” ज्ञानदेव म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, अक्षरं मोजली, लिहिली. “बसतंय. आश्चर्य आहे.”

मे महिन्यात चहा सुरू झाला. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “माझ्यासाठी केला होता, जास्त झाला.” मग तो रोजच जास्त होऊ लागला. ज्ञानदेव सकाळी दाढी करताना आरशात जरा जास्त वेळ बघू लागले. डब्यातली भाजी सांडून सदऱ्याला डाग पडला, तर ते तो दवाखान्याच्या नळाखाली धुऊन मगच जिना चढत. इंदुबाईला फोनवर ते म्हणाले, “एका ठिकाणी रोज जातो. बोका आहे तिथं.” पलीकडे ती नुसतं “बरं” म्हणाली.

सप्टेंबरात दिवाणानं खाणं सोडलं. एके दुपारी ज्ञानदेव सुई काढून बसले तेव्हा तो डोकंही उचलेना. धरायची गरजच नव्हती. तरी त्यांनी हात त्याच्या मानेवर ठेवला आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर आले, तपासलं, मान हलवली. चार वाजायच्या आत दिवाण गेला. आनंदीबाई खुर्चीत ताठ बसून होत्या. ज्ञानदेवांनी एकदाच त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली.

“सुटला,” त्या म्हणाल्या. “तुम्हीही सुटलात जिन्यांतून.”

दुसऱ्या दिवशी एक वाजता दवाखान्याचं शटर खाली आलं. ज्ञानदेवांनी डबा उघडला आणि दीडला त्यांची नजर आपोआप घड्याळाकडे गेली. तसं पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी ते उठले, सदरा नीट केला आणि तिसरा मजला चढून गेले.

“मांजर गेलं,” आनंदीबाई दारातूनच म्हणाल्या. “विसरलात का?”

“नाही जी. सहज आलो.”

“सहज?” त्यांना तो शब्द ओळखू आला नसावा असं वाटलं. पण त्या बाजूला झाल्या.

ज्ञानदेव खुर्चीत बसले. या घरात ते आजवर जमिनीवरच बसले होते. खुर्चीतून खोली वेगळीच दिसत होती. बघायला काही नव्हतं. आनंदीबाईंनी हवेबद्दल विचारलं. ज्ञानदेवांनी हवेबद्दल सांगितलं. सहा महिने एका खोलीत बसून आपण एकमेकांकडे पाहिलंच नव्हतं, बोक्याकडे पाहत होतो, हे ज्ञानदेवांच्या तेव्हा लक्षात आलं. आता कुठं बघायचं ते कळेना. सातव्या मिनिटाला ते उठले.

“पुन्हा येताना फोन करून या,” त्या म्हणाल्या.

नंबर दवाखान्याच्या वहीत होता. ज्ञानदेवांनी तो चिठ्ठीवर उतरवून खिशात ठेवला आणि दोन महिने केला नाही. फोन करून सांगायचं काय? सदरा धुताना चिठ्ठी भिजली, तेव्हा त्यांना उलट हायसं वाटलं.

नोव्हेंबरात एके सकाळी आनंदीबाईच दवाखान्यात आल्या. हातात पिशवी, पिशवीत उरलेल्या सलाईनच्या बाटल्या. “कुणाच्या तरी उपयोगी पडतील,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. मग ज्ञानदेवांकडे वळल्या. “गुरुवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. बरोबर कुणीतरी लागतं म्हणे. आपल्याला सुट्टी मिळेल का?”

‘आपल्याला’ हा मानाचा शब्द ऐकून ज्ञानदेवांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

गुरुवारी डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सनं फॉर्म पुढे केला. “काका, तुम्ही पेशंटचे कोण?”

ज्ञानदेवांनी फॉर्मवरच्या रिकाम्या रकान्याकडे पाहिलं. भाऊ म्हणावं तर बोलणंच वेगळं. शेजारी म्हणावं तर मांजरी कुठं आणि शनिवार पेठ कुठं.

“ओळखीचे,” आनंदीबाई म्हणाल्या.

“आजी, नातं लिहायचंय.”

“मग ओळखीचे लिहा. त्यात खोटं काय आहे?”

नर्सनं खांदे उडवले आणि लिहिलं. ज्ञानदेवांनी खाली सही केली. अधू बोटांमुळे ती नेहमीपेक्षा वाकडी आली. मग ते बाहेर बाकावर बसले. तासाभरानं नर्सनं “केतकरांचे कोण?” असं ओरडून विचारलं, तेव्हा ते इतक्या घाईनं उठले की शेजारच्याची चप्पल पायाखाली आली.

डोळ्यात दिवसातून तीन वेळा थेंब घालायचे होते. सकाळ-संध्याकाळ शेजारीण घाली, दुपारचे ज्ञानदेव. आनंदीबाई खुर्चीत मान मागे टाकून बसत. ज्ञानदेव एका बोटानं पापणी खाली ओढत आणि थेंब सोडत. “हलू नका,” ते म्हणत. “मी हललेले नाही,” त्या म्हणत.

महिन्यानं थेंब बंद झाले. त्या दिवशी ज्ञानदेव दाराशी चप्पल घालताना घुटमळले. आयुष्यात त्यांनी असं कुणाला विचारलं नव्हतं.

“उद्या येऊ का?”

“कशाला?”

“असंच.”

आनंदीबाईंनी त्यांच्याकडे नव्या चष्म्यातून बराच वेळ पाहिलं. “या. पण रविवारी नको. रविवारी मी झोपते.”

तेव्हापासून सोमवार ते शनिवार ते दुपारी तिथं जातात. कधी बोलणं होतं, कधी नाही. रविवारी ते मांजरीच्या खोलीत दाराशी खुर्ची टाकून बसतात. समोरच्या शेतात आता इमारतीचा पाया खणला आहे. दुपार तिथं फार सावकाश उतरते, आणि इंदुबाईच्या फोनला संध्याकाळपर्यंत अवकाश असतो.