पेटीनं नाकारलेल्या नोंदी

माझ्या नवऱ्याला घरात सगळे कडीकुलूप म्हणतात. दार लावून, ओढून बघून, जिना उतरल्यावर परत वर येऊन ओढून बघणारा माणूस. इस्पितळाच्या संगणक विभागात कामाला आहे, आणि काम तरी काय, तर नोंदी गोळा करायच्या. कुठल्या वॉर्डात, कुणाच्या पासवर्डनं, कुठल्या पेशंटची फाइल उघडली, हे प्रत्येक मशीन लिहून ठेवतं. त्याला लॉग म्हणतात. हे सगळे लॉग एका जागी आणणारा प्रोग्राम एका बंद पेटीत चालतो. ते लोक तिला कंटेनर म्हणतात, मी आपली पेटीच म्हणते.

मध्यंतरी वरून फर्मान आलं, पेटी कडेकोट हवी. आत गरजेपुरतंच सामान, आणि नोंदींची ने-आण फक्त मान्यता असलेल्या एन्क्रिप्शननंच, म्हणजे मधे कुणाला वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपातच. झालं! याला तेच हवं होतं. जेवताना पेटी, दात घासताना पेटी. एकेक वस्तू काढता काढता यानं आत शिरून बघायची सोयही काढून टाकली.

"चोर आत आलाच, तर त्याच्या हाताला काही लागता कामा नये," म्हणाला.

"आणि तुलाच आत बघायचं झालं तर?" मी विचारलं. तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोराचीच बाजू घेत होते.

माझ्या मोठ्या जाऊबाई त्याच इस्पितळात नर्स. एके दिवशी त्यांच्या वॉर्डातल्या एका पेशंटची फाइल बाहेर फुटली. ड्युटीवर त्या होत्या, म्हणून संशय त्यांच्यावर. नोकरीवरच गदा. पण त्या निवांत होत्या.

"भाऊजींकडे सगळं असेल की," म्हणाल्या. "कुणाच्या पासवर्डनं उघडली ते दिसेलच."

तेवढ्यात साहेबांचा फोन. त्या वॉर्डाच्या नोंदीच सापडत नाहीत! आणि या शहाण्यानं काय करावं? पेटी बंद करून परत चालू केली. हे लोक काहीही बिघडलं की आधी तेच करतात, हात आपोआप जातो मेला. नवी पेटी कोरी करकरीत उभी राहिली, आणि जुनीच्या पोटात जे होतं ते तिच्याबरोबर गेलं.

मग नवी पेटीही त्या वॉर्डाच्या नोंदी घेईना, तेव्हा उलगडा झाला. त्या वॉर्डातलं मशीन जुनाट, त्याला नवं एन्क्रिप्शन जमत नाही. नियमाप्रमाणे पेटी त्याच्या नोंदी घेतच नव्हती, आणि तशी तक्रार स्वतःच्याच पोटात लिहीत होती. स्क्रीनवर मात्र हिरवा दिवा, कारण तो फक्त पेटी चालू आहे का एवढंच बघायचा. मशीनवरच्या मूळ नोंदीही एव्हाना पुसल्या गेल्या होत्या. ते तरी किती दिवसांचं साठवणार?

चौकशीत भलताच अर्थ निघाला. नेमक्या जाऊबाईंच्याच वॉर्डाच्या नोंदी गायब, म्हणजे त्यांनीच काहीतरी केलं. तिथे हा उठून उभा राहिला, घरी येऊन सगळं सांगितलं मला.

"चूक माझी आहे. पेटीनं नोंदी घेतल्या नाहीत. बघा, आजही नाकारतेय."

"आज नाकारतेय. त्या दिवशीही नाकारत होती, याला पुरावा?" साहेबांनी विचारलं.

पुरावा यानंच पेटी बंद करून घालवलेला.

"आणि या तुमच्या वहिनी ना? बसा खाली."

असा संताप आला मला! साहेबांचा, त्या पेटीचा, आणि सगळ्यात जास्त याचा. जाऊबाईंना घरी बसवलं. त्याच आठवड्यात तपासणीवाले आले. पेटीत एकही त्रुटी नाही म्हणून त्यांनी शेरा दिला, आणि साहेबांनी याची पाठ थोपटली.

संध्याकाळी जाऊबाई आल्या. हा खुर्चीत मान खाली घालून बसलेला. मला वाटलं, आता चांगलं फैलावर घेतील. खरं सांगते, घ्यावंच असं वाटत होतं.

"भाऊजी, पेटी पास झाली म्हणे? किती राबलात हो तिच्यासाठी! अभिनंदन."

टोमणा नव्हता, अगदी मनापासून म्हणाल्या. एवढा बाप्या माणूस, पण ओक्साबोक्शी रडायला लागला. आणि नोकरी गेलेल्या जाऊबाईच त्याची समजूत काढत बसल्या.