चौथी पास पोरीचं हायस्कूल

निघायच्या दिवशी आमच्याकडे कोणी रडलं नाही. बैलगाडीत ज्वारीचं पोतं, तुरीच्या डाळीचं गाठोडं, तवा, परात, दोन गोधड्या, आणि या सगळ्यावर मी. धाकटा भाऊ शंकर आणि चुलतभाऊ नामदेव मागे पाय सोडून बसले होते. मायने चाकाजवळ उभं राहून एवढंच सांगितलं, "तवा उलटा ठेवजो, नाही तं गोधडीले काजळी लागन." झाला निरोप. बाबांनी बैलांना हाक दिली आणि गाव मागे पडलं.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून पुण्या-मुंबईला फ्लॅटमध्ये येऊन बसलेल्यांनो, तुम्ही सगळे आपापल्या हायस्कूलच्या गमती सांगता. व्हॉट्सॲपवर वर्गाचे फोटो टाकता. आता माझ्याही ऐका. मी चौथी पास आहे. हायस्कूलच्या पटावर माझं नाव कधीच नव्हतं. तरीही माझ्याइतकं हायस्कूल तुमच्यापैकी कोणी केलं असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पोरं सातवीपर्यंत शेजारच्या गावी पायी जात आणि आठवीला जळगाव जामोदला खोली करून राहत. खोली केली की भाकरी करायला घरातली बाई लागे. कोणाची आत्या जाई, कोणाची आजी. आमच्याकडे रिकामी मीच होते. चौदा वर्षांची. बाबांनी अट आधीच घातली होती. "पोट्टे शिकतीन तोवर तू तिथं. ज्या दिवशी याइचं ध्यान उडालं, त्या दिवशी तिघाइले गाडीत घालून आणीन." शंकरला ती धमकी वाटली. मला चार दिवसांतच त्याहून मोठी वाटायला लागली, कारण मला ते गाव आवडलं होतं.

काय आवडलं म्हणाल, तर दुपार. पोरं साडेदहाला जात. मग पाच वाजेपर्यंत मला 'ऊठ' म्हणणारं कोणी नव्हतं. शेजारी घरमालकीण काकू होती, पण तिला कमी ऐकू येई आणि तिची झोप गाढ. आमची खोली हायस्कूलच्या अगदी मागे, मध्ये फक्त कुंपणाची भिंत. प्रार्थना, घंटा, कोणत्या मास्तरांची छडी कोणाच्या हातावर पडली, सगळं मला चुलीपुढे बसून कळे. गणिताच्या सरांचा खोकला आणि इतिहासाच्या सरांच्या चपला मी आवाजावरून ओळखत असे. पोरांची पुस्तकं दुपारी माझी. कळो न कळो, मी ती पहिल्या पानापासून वाचली. भूगोलाचं तर दोनदा.

संध्याकाळी पोरं मोठ्याने पाठ करत. त्या काळी मास्तर पोरांच्या खोल्यांवर फेरी मारत, कोण अभ्यास करतो, कोण उंडारतो, ते पाहायला. एकदा गणिताचे सर दारात उभे राहिले आणि नामदेवला विचारलं, "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज?" नामदेव आढ्याकडे बघायला लागला. मी भाकरी थापता थापता म्हणाले, "दोन काटकोन." सर खोकले. म्हणाले, "नामदेव, उद्यापासून तू भाकऱ्या कर." आठवडाभर नामदेव माझ्याशी बोलला नाही. जेवत मात्र होता.

अशी दोन वर्षं गेली. मी सोळाची झाले. देऊळघाटकडून एक स्थळ आलं, मला बघून गेलं, पसंतीही कळवली. बाबा म्हणाले, घाई नाही, पोट्टे मॅट्रिक होऊ द्या. म्हणजे माझी खोलीतली उरलेली वर्षं शंकर-नामदेवच्या अभ्यासाला टांगलेली होती. म्हणून मी छडीशिवाय मास्तर झाले. कोणी पुस्तक बाजूला ठेवलं की मी ताट बाजूला ठेवायची.

आणि त्याच वर्षी गॅदरिंगला मराठीच्या सरांनी नाटक लिहिलं. त्यात एक सून होती. पोरी नाटकात काम करत नसत, म्हणून सून झाला शंकर आणि सासरा झाला नामदेव. मी कपाळावर हात मारला. बाबांच्या लेखी नाटक म्हणजे सोंग आणि सोंग म्हणजे वाया जाणं. पोरगा बाईचं सोंग घेतो हे कानावर गेलं की गाडी जुंपलीच म्हणून समजा. मी शंकरला म्हणाले, नाही म्हण. तो म्हणाला, "सर छडी मारतीन." मग मी विचार केला, करायचंच आहे तर नीट करू दे.

आमची तालीम खोलीत चाले. शंकरला चालता येईना.

"सून चालून राह्यली का वखर धरून राह्यली बे? पाय जवळ जवळ टाक."

"बाई, मले नाही जमत."

"काऊन नाही जमत? एवढी मिसरूड काढाले जमलं नं?"

मिसरूड दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे गेली. नऊवारी नेसवली ती मायची, हिरवी, लाल काठाची. दिवाळीला मी ती मागून आणली होती. भाकरी थापणं, चुलीत फुंकर घालणं, उठताना ओचा सावरणं, सगळं मी शिकवलं. पहिल्या भाकरीचा त्याने कोणत्या देशाचा नकाशा केला ते भूगोल दोनदा वाचूनही मला सांगता आलं नाही.

गॅदरिंग जानेवारीत, दुपारी चार वाजता, म्हणजे खेड्यांवरची पोरं उजेडात घरी जातील. त्या दिवशी मी पहिल्यांदा हायस्कूलच्या फाटकातून आत गेले. केस इतक्यांदा सावरले की नाटकात काम मीच करणार आहे असं वाटावं. बायकांच्या बाजूला सतरंजीवर जागा धरली. मास्तरांना एकेक करून ओळखत होते. आवाज ठाऊक होते, तोंडं आज दिसत होती. इतिहासाचे सर इतके बुटके असतील असं त्यांच्या चपलांवरून वाटलं नव्हतं.

पडदा वर जायला आला आणि मांडवाच्या तोंडाशी पांढरा फेटा दिसला. बाबा. हातात बैल हाकायची काठी. कापसाची गाडी घेऊन बाजारात आले होते, खोलीला कुलूप पाहिलं, आणि ऐकू न येणाऱ्या आमच्या काकूने त्यांना बरोब्बर सगळं सांगितलं होतं.

मी उठून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. काय बोलणार होते कोण जाणे. ते म्हणाले, "बस खाली. मागच्याइले दिसत नाही."

पडदा वर गेला. शंकर लाजत मुरडत आला, चुलीपुढे बसला, भाकरी थापायला लागला. बाबांची मान पुढे झाली. बायको भाकरी करताना नवरा तिच्याकडे कधी बघत नसेल, पण तिचं लुगडं ओळखतो. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, रंगमंचाकडे नाही. तेवढ्यात सासरा झालेला नामदेव खाकरत आत आला आणि शंकर भाकरीच्या नादात पदर घ्यायचा विसरला. डोकं उघडंच.

बाबा ताडकन उभे राहिले. "ए पोरी! पदर घे डोक्शावर! सासरा आला नं!"

अख्खा मांडव मागे वळला. शंकरने बापाचा आवाज ओळखला आणि पदर असा ओढला की थेट हनुवटीपर्यंत आला. त्याला काही दिसेना. तो उठला, परातीत पाय पडला, आणि पिठाच्या हातांनी नामदेवच्या पाया पडायला गेला तो पडद्याआड उभ्या असलेल्या गणिताच्या सरांच्याच पाया पडला. लोक हसून हसून लोळले. हेडमास्तर डोळे पुसत होते. बाबा अजून उभेच. त्यांना हसू येत नव्हतं. सुनेने पदर घेतला म्हणून त्यांचं समाधान झालं होतं, मग ते खाली बसले.

नाटक संपल्यावर ते माझ्याबरोबर खोलीवर आले. शंकर-नामदेव भीतीने शाळेतच थांबले होते. मी पाणी दिलं.

"हे सोंग कोणं सजवलं?"

"मीनं."

"चालणं, बसणं, सारं?"

"हाव. पदरबी शिकवला होता. इसरला तो."

ते म्हणाले, "देऊळघाटवाले पुसून राह्यले. गाडी इथंच हाये. चाल माह्यासंगं."

आयुष्यात बापापुढे मी तोपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. "मी नाही येत. पोट्टे मॅट्रिक होतीन तोवर मी इथंच राहीन. मले राहाचं हाये."

"अन् त्याइले काय सांगू?"

"सांगा, पोरगी हायस्कुलात हाये."

"तुहं नाव तं नाही तिथं!"

"त्याइले काय मालूम?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फेटा काढून मांडीवर ठेवला आणि मग जे हसले ते, बाई गं, मांडवात उरलेलं सगळं हसू तिथं हसले. एकट्याने गाडी जुंपली आणि गेले.

आणि त्यांनी खरंच तसंच सांगितलं. देऊळघाटहून उत्तर आलं की हायस्कुलात शिकलेली सून आमच्या घराले झेपणार नाही. चौथी पास असून जास्त शिकली म्हणून नाकारलेली पोरगी अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन. मी त्या दिवशी गूळ वाटला.

दीड वर्षाने दोघे मॅट्रिक झाले. नामदेवला भूमितीत शंकरपेक्षा जास्त मार्क पडले, श्रेय कोणाचं ते तो आजही कबूल करत नाही. त्याच उन्हाळ्यात माझं दुसरीकडे लग्न झालं. संसार झाला. आता मुलाकडे पुण्यात पाचव्या मजल्यावर असते. लिफ्ट आहे, सिक्युरिटी आहे, खाली बाकावर बायकांचा ग्रुप आहे. माझं बोलणं ऐकून त्या हसतात, मीही त्यांचं ऐकून हसते. फिटंफाट.

परवा त्यातल्या एकीने विचारलं, तुमचं मूळ घर कुठलं? मी म्हणाले, जळगाव जामोद, हायस्कूलच्या मागची खोली. सून म्हणाली, "आई, ती तर भाड्याची होती ना?" होती. भिंतीला ओल होती, पावसात चूल पेटत नसे. आता तिथे मोबाईलचं दुकान झालंय, असं शंकर सांगतो. होऊ दे. मला जाऊन बघायचं नाही. माहेरी मी जन्मले, सासरी मला दिलं, पुण्याला मला आणलं. तक्रार नाही, तिन्ही ठिकाणी पोटभर जेवले. पण मला कुठे राहायचंय ते मी एकदाच सांगितलं, आणि तिथेच राहिले.