खालची गोधडी

वॉशिंग मशीन घ्यायला बाबा, माय आणि मी अकोल्याच्या एका दुकानात शिरलो. विक्रेत्यानं विचारलं, "घरी माणसं किती?" बाबा म्हणाले, "मानसायचं सोडा, घोडीची झूल धुवाची हाय." दुकानातले दोघं-तिघं हसले आणि मला राग आला. राग माझ्या नाकावरच असतो. आयुष्यातले बहुतेक चुकीचे निर्णय मी रागातच घेतलेत, आणि त्यातला सर्वात वाईट त्या दिवशी घेतला.

आमच्याकडे वरातीची घोडी होती. पांढरी, शांत, बँड कानाशी वाजला तरी न बिचकणारी. बाबा तिला घेऊन अकोल्यात आणि पातूरपर्यंतच्या लग्नांना जायचे. वरून तिला मखमली झूल, जरीची, आरसे लावलेली. लोक बघायचे ती झूल. खाली, थेट पाठीला लागून, मायनं जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी असायची. खोगिराचा आणि नवरदेवाचा भार त्या गोधडीवर, घोडीचा सगळा घामही तिच्यातच. झुलीला वर्षातून एकदा पाणी लागलं तर लागलं. गोधडी मात्र प्रत्येक वरातीनंतर माय उकळायची. अंगणात तीन दगडांची चूल, तिच्यावर गंज, म्हणजे जर्मनचं मोठं पातेलं, पाण्यात धुण्याचा सोडा, आणि माय दांडक्यानं गोधडी खालीवर करत उभी. मग दोन दिवस पत्र्यावर ऊन. का, असं तिला कुणी विचारलं नाही. तिची सासू करायची, म्हणून ती करायची.

मी अमरावतीला नर्स आहे. पोळ्याच्या सुमारास फोन आला की सणासाठी गोधडी उकळताना गंज कलंडला आणि उकळतं पाणी मायच्या पायावर सांडलं. मी पोचले तेव्हा तिच्या डाव्या पावलाची कातडी सुटलेली होती आणि माय म्हणत होती, "काई नाई झालं, तू कायले आली एवढ्या दुरून." मी तिचा पाय बांधला, आणि दारावरून भंगारवाला चालला होता त्याला गंज उचलून देऊन टाकला. मायला म्हटलं, "पुन्हा चुलीवर असा गंज चढवलास तर मी या घरात पाय ठेवणार नाही." ती गप्प बसली. मला वाटलं, पटलं.

म्हणून आम्ही त्या दुकानात होतो. विक्रेता हसला असेल, पण माणूस प्रामाणिक होता. त्यानं दोन मशीनी दाखवल्या. एक समोरून दाराची, पाणी तापवून धुणारी, पण ड्रम लहान. दुसरी वरून झाकणाची, ऐसपैस, थंड पाण्याची. "जनावराचं कापड आहे ताई, गरम पाण्याची बघा," तो म्हणाला. बाबांनी लहान ड्रममध्ये हात घालून पाहिला. "यात झूल मावते का?" नाही मावत, असं त्यानं सांगितलं. हसणारे अजून तिथंच होते. मी म्हटलं, "मोठी द्या." गोधडीचं नाव आमच्यापैकी कुणी काढलं नाही. माय दुखरा पाय घेऊन स्टुलावर बसली होती. तिनं एकदा त्या लहान मशीनकडे पाहिलं आणि परत पदर नीट केला.

दवाखान्यात मी रोज अवजारं निर्जंतुक करते. उकळल्यानं काय मरतं आणि थंड पाण्यानं काय मरत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमची घोडी रिकामी झाली.

पहिल्या धुण्यात झूल अशी चमकली की बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. तुळशीचं लग्न झालं, वराती सुरू झाल्या, गोधडी मशीनमध्ये जाऊ लागली. मी फोनवर अभिमानानं विचारायची, "मशीन कशी चालून राहिली?" माय म्हणायची, "चांगली हाय." संक्रांतीनंतर घोडीच्या पाठीवर रुपयाएवढे चट्टे दिसले, केस झडले. बाबांनी खोबरेल तेलात गंधक कालवून लावलं. लग्नाची तिथी सोडता येत नव्हती, आणि झूल टाकली की चट्टे दिसत नव्हते. उन्हाळ्यात त्या चट्ट्यांच्या जखमा झाल्या. पातूरच्या वरातीत अंगानं भारी नवरदेव खोगिरावर बसला आणि आमची घोडी भर रस्त्यात खाली बसली. बाबा सांगतात, ती ओरडली नाही, फक्त बसली. झूल काढली तेव्हा गोधडी पाठीला चिकटलेली होती.

मी सुट्टी काढून गेले. जनावरांच्या डॉक्टरांनी पाठ पाहिली, गोधडी नाकाशी धरली. "ही कशी धुता?"

"मशीनमदी," बाबा म्हणाले.

"गरम पाण्यात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर मलम लिहून देऊन गेले. जाताना म्हणाले, जखम भरेल, पण या पाठीवर आता खोगीर चढवू नका.

खोगीर न पेलणारी घोडी दारात बांधून ठेवणं बाबांना झेपणारं नव्हतं. पावसाळा सरल्यावर त्यांनी ती एका वीटभट्टीवाल्याला द्यायचं ठरवलं. पाठीवर काही नाही, नुसती गाडी ओढायची, असं ते मला तीनदा म्हणाले. मी भट्टीवरची जनावरं पाहिलेली आहेत. त्यांनीही पाहिलेली आहेत.

घोडी न्यायच्या आदल्या दिवशी मी घरी आले होते. मायनं बुद्धविहारातून जेवणावळीचा गंज मागून आणला आणि गोधडी उकळली. माझ्यासमोर. मी चुलीत लाकूड सारलं. सकाळी तो माणूस आला तेव्हा तिनं उन्हानं कडक झालेली गोधडी घोडीच्या पाठीवर टाकली आणि चारी कोपरे सारखे केले. तो म्हणाला, "मावशी, हे कायले? गाडीलेच तं जुपाची हाय."

"असू द्या. पन धुतली तं उकळून धुजा."

घोडी वळणापर्यंत गेली. बाबा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. माय गंज घासायला बसली. इतके महिने मी जे विचारायला भीत होते ते विचारलं. "तुला कळलं नव्हतं का गं?"

"पैल्याच महिन्यात कळलं. गोधडीचा वास जात नवता."

"मग बोलली कावून नाही?"

तिनं गंज पालथा घातला. "तू म्हटलं होतं ना, गंज चढवला तं घरात पाय नाई ठेवत. तू म्हनते तसं करते, मले माईत हाय. घोडी गेली तं दुसरी आनता येते, बाई."

तिच्या डाव्या पावलावरचा डाग अजून गुलाबी होता. मी गंजाचा एक कान धरला, तिनं दुसरा धरला, आणि आम्ही तो विहारात पोचवून आलो.