लाजरा घोडा

माझं लग्न झालं तेव्हा हे पुण्याकडच्या एका स्टड फार्मवर मोतद्दार होते. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातले बाकी पुरुष मुंबईला नोकरीला. आमचेच तेवढे घोड्यांत.

दुसऱ्या वर्षी शिमग्याला हे अचानक घरी आले. चेहरा उतरलेला. शर्यतीत कधी कुणाला हार न गेलेला एक घोडा पैदाशीसाठी फार्मवर आला होता आणि त्याची सगळी देखभाल यांच्याकडे होती. लांबलांबून उत्तम घोड्या आल्या, पण हा एकीच्याही जवळ जाईना. घोडी समोर आणली की मान खाली घालून उभा राही. डॉक्टरांनी तपासलं, तब्येत ठणठणीत होती. आठ दिवस त्याला नुसता चरायला सोडायचं ठरलं, म्हणून यांना रजा मिळाली.

सासूबाई भाजीसाठी कोवळा फणस चिरत होत्या. जन्मभर गाईगुरांत वावरलेली बाई.

"शर्यतीच्या वेळी घोडीकडे बघितलंन, तर काय करायचात?" त्यांनी विचारलं.

"लगाम ओढायचे. छडीही मिळायची," हे म्हणाले.

"मग? ज्यासाठी मार खाल्लान, तेच आता कर म्हणता. आता कोण ओरडणार नाही, हे त्याला कसं कळावं? एखादी वयस्क, शांत घोडी आण. छडी लांब ठेव. आणि बघ्यांना घालव. एवढी माणसं टक लावून उभी राहिली तर कोणीही..."

त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि त्या थांबल्या. मला हसू आवरेना. मग त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. यांनी मात्र सगळं मनावर घेतलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. "आईला सांग, जमलं." सासूबाई म्हणाल्या, "जमणारच होतं," आणि दिवसभर गुणगुणत राहिल्या.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी एसटीने फार्मवर गेलो. कुरणभर शिंगरं उधळत होती. बहुतेकांच्या कपाळावर बापासारखा पांढरा ठिपका. सासूबाईंनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. त्याने त्यांचा खांदा हुंगला. परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत त्या त्याच्याबद्दलच बोलत होत्या.

त्यानंतर दर पत्रात शिंगरांची खुशाली असायची. तीन-चार वर्षांनी मुंबईहून सुटीवर आलेल्या शेजाऱ्याने पेपर आणला. त्या पहिल्या शिंगरांतलीच एक घोडी मोठी शर्यत जिंकली होती. फोटोत तिचा ठिपका स्पष्ट दिसत होता. सासूबाईंनी बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, पेपर काखेत मारला आणि चपला घातल्या.

"चुलीवर भात आहे," मी म्हटलं.

"तू बघ गो. मला चार घरी जायचंय."