खलाशीकाकांनी चोरलेले चार फॉल अरेस्टर

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. नोकरीत खून, दरोडे, फसवणूक सगळं पाहिलं. पण ठाणे शहरातल्या घोडबंदर रोडवरच्या एका साध्या चोरीची आठवण निघाली की मला अजून हसू येतं आणि लगेच थोडं ओशाळल्यासारखंही होतं.

मी तेव्हा त्या भागातल्या पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. हद्दीत एकाच वेळी पंधरा-वीस टॉवर उभे राहत होते. साइटवरून सळ्या जाणं, तांब्याची वायर जाणं हे रोजचंच. एका सकाळी एका साइटचा मॅनेजर फिर्याद द्यायला आला. स्टोअरमधून चार फॉल अरेस्टर गेले होते.

"म्हणजे काय?" ठाणे अंमलदाराने विचारलं.

"उंचावर काम करणाऱ्याला लावतात ते. महाग असतात," मॅनेजर म्हणाला.

मलाही तेव्हा त्याहून जास्त माहिती नव्हती. नंतर कळलं ते असं: डोक्यावर टांगायची एक पेटी, आत स्प्रिंगवर गुंडाळलेली पोलादी तार. तारेचा हुक कामगाराच्या अंगावरच्या बेल्टला पाठीमागून अडकवतात. माणूस पुढे सरकला की तार सुटते, मागे आला की आत जाते, आणि तो एकदम खाली गेला तर गाडीच्या सीटबेल्टसारखी जागच्या जागी अडते.

गुन्हा दाखल करून आम्ही स्थळ पंचनामा केला. कुलूप शाबूत होतं. म्हणजे चोर आतला. किल्ल्या दोघांकडे होत्या, एक मॅनेजरकडे आणि दुसरी स्टोअर सांभाळणाऱ्या खलाशीकाकांकडे. जड माल दोराने वर चढवणाऱ्याला साइटवर खलाशी म्हणतात. काका साठीकडे झुकलेले, मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला ठाण्याजवळच्या दिव्याला. तीस वर्षं उंचावर काढली आणि गुडघे गेल्यावर स्टोअरमध्ये बसले. ज्याला विचारावं तो म्हणे, "काका? शक्यच नाही."

तिसऱ्या दिवशी आमच्या हवालदारांना खबर लागली. खबरी होता दिव्यातला एक भंगारवाला. फोनवर तो भलताच गोंधळलेला होता.

"साहेब, एक म्हातारा चार पेट्या घेऊन आलेला. विकायच्या नाय म्हणतो. फक्त तारा कापून द्या आणि पेट्या ठोकून सपाट करा. असा गिऱ्हाईक मी जिंदगीत नाय पाहिला. मशीन बंद आहे सांगून उद्या बोलावलाय त्याला."

वर्णन काकांशी जुळत होतं. दिव्याच्या स्थानिक पोलिसांना कळवून आम्ही त्यांच्या घरी गेलो. पलंगाखाली गोणीत चारही पेट्या मिळाल्या. मुद्देमाल जप्त करून काकांना चौकशीला ठाण्यात आणलं.

"होय, मीच घेतले. लिहा साहेब," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"ते नका विचारू."

दोन तास गेले. हवालदारांनी समजावून पाहिलं, मी आवाज चढवून पाहिला. ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. माझा अनुभव असा की गुन्हा नाकारणारा माणूस सारखा बोलत राहतो. पण गुन्हा कबूल करून कारण मात्र न सांगणारा बहुधा कुणाला तरी पाठीशी घालत असतो. कुणाला, ते कळत नव्हतं.

कंटाळून मी टेबलावरची एक पेटी उचलली. हुक धरून तार हातभर बाहेर ओढली आणि दिली सोडून. तार सपकन आत गेली, हुक पेटीवर आपटला. काका ताडकन उभे राहिले.

"अहो साहेब, सोडताय काय अशी! हातात धरून हळू आत जाऊ द्यायची. आतला स्प्रिंग जातो अशानं!"

 हवालदारांना हसू आलं, मलाही आलं. चोरलेला माल मोडायला निघालेला माणूस तोच माल नीट हाताळा म्हणून पोलिसाला दटावत होता.

"बसा काका," मी म्हटलं. "मग शिकवा मला. कशी बघायची ही पेटी?"

एवढा वेळ न बोललेला माणूस मास्तरासारखा सुरू झाला. आधी झटका देऊन बघायचं. तार तिथल्या तिथे अडली पाहिजे. मग तार पूर्ण बाहेर काढून कापडाने पुसत जायचं. एखादा धागा तुटला असेल तर कापडात अडकतो. पेटी डोक्याच्या वर टांगायची. तिच्या खालून लांब बाजूला जायचं नाही, नाहीतर पडलेला माणूस झोक्यासारखा भिंतीवर आपटतो. स्लॅबच्या धारेवर काम असेल तर धार सोसणारी तार असलेली पेटीच मागवायची. साधी तार धारेवर घासून तुटते.

"आणि या चार?"

"दोघींच्या तारा तुटत आल्यात. एकीत सिमेंट गेलंय, झटका दिला तरी अडत नाही. मी लाल चिठ्ठ्या बांधून बाजूला काढल्या होत्या, तीनदा. तीनदा सुपरवायझरनं चिठ्ठ्या फाडून वर पाठवल्या."

"चौथी?"

काकांनी मान फिरवली. मी चौथ्या पेटीचा हुक निरखून पाहिला. मानेजवळ लाल पट्टी दिसत होती. बाकी तिघांवर ती नव्हती.

"हे लाल काय आहे?"

"जोराचा हिसका बसला की दिसतं ते. मग ती पेटी परत वापरायची नसते." आणि खाली बघून ते म्हणाले, "साहेब, मी गणपतीची शपथ घेतलीय. पुढचं नका विचारू."

विचारायची गरजच नव्हती. या तारेवर कुणीतरी पडलं होतं.

काकांना चहा द्यायला सांगून मी साइटवर गेलो. सतराव्या मजल्यावर बाहेरच्या बाजूने काच बसवायचं काम चालू होतं. अकरा जणांची गँग. उरलेल्या पेट्या डोक्यावर टांगायच्या सोडून पायाशी बांधलेल्या होत्या. दोन तासांपूर्वी हे माझ्या लक्षातही आलं नसतं. मी सगळ्यांना आत बोलावलं.

"काका आमच्याकडे बसलेत. चोरी कबूल केलीय, पण तुमच्यापैकी एकाचंही नाव घेत नाहीत."

 तिशीतला एक कामगार पुढे आला. तो कल्याणचा.

"साहेब, मी पडलेलो. पट्ट्यानं धरलं म्हणून वाचलो." त्याने पँटचा पाय वर करून मांडीवरचा काळानिळा वळ दाखवला. "सुपरवायझर म्हणाला, वरती कळलं तर अख्खी गँग घरी. म्हणून काकांना आम्हीच शपथ घातली. ती पेटी काढा म्हटलं तर सुपरवायझर बोलतो, तुला पकडलं ना? म्हणजे चांगलीच आहे. त्यांना सोडा साहेब. मी जबाब देतो."

त्याच्या मागोमाग बाकीच्या दहांनीही जबाब दिले. कामगारांच्या सुरक्षिततेचं बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला मी त्याच दिवशी पत्र धाडलं. त्यांनी उंचावरचं काम थांबवलं, नवीन पेट्या आल्यावरच पुन्हा चालू झालं. सुपरवायझरची नोकरी गेली. गँग मात्र कोणी घरी पाठवली नाही.

त्या दिवशी साइटवरून परत आल्यावर मी काकांना विचारलं, "मोडायच्याच होत्या, तर खाडीत का नाही टाकल्या?"

"कोणीतरी काढेल, धुवेल, विकेल. परत कोणीतरी तिच्यावर भरवसा ठेवून लटकेल."

चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो, आणि तो इथे कुठेच नव्हता. यंत्र बनवणाऱ्यांच्या पुस्तिकेतच अशा पेट्या वापरातून काढा असं लिहिलेलं होतं. सरकारी वकिलांशी बोलून, गुन्हा गैरसमजातून दाखल झाला असा अहवाल, आमच्या भाषेत 'क' समरी, मी ठाण्याच्या कोर्टात पाठवला. कोर्टाने तो मंजूर केला.

आदेश झाला त्या दिवशी कोर्टाच्या आवारात काकांच्या बायकोने मला गाठलं. मला वाटलं, आभार मानायला आल्या.

"साहेब, ह्यांना चोर नाही म्हणून दोन ओळी लिहून द्याल? शिक्क्याची."

"कोर्टाच्या आदेशाची नक्कल मिळेल ना, वहिनी."

"ती कोण वाचणार? तुमची जीप आली तेव्हा सगळी चाळ बाहेर उभी होती. तेव्हापासून बायका माझ्याशी धड बोलत नाहीत. सुटून आले ते मात्र रिक्षातून एकटेच आले. कोणी बघितलंच नाही."

तसा दाखला देण्याचा मला अधिकार नव्हता. मी तसं सांगितलं आणि त्या मान हलवून गेल्या. पण ते वाक्य काही मनातून जाईना. एवढ्या वर्षांत मी किती माणसं सगळ्यांदेखत घरातून उचलली असतील, आणि त्यातली निर्दोष निघालेली किती जण अशीच मुकाट परत गेली असतील, हा विचार मी तोवर कधी केलाच नव्हता.

पुढच्या रविवारी दुपारी, पूर्ण गणवेशात, हवालदारांना घेऊन मी दिव्याला गेलो. जीप मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी ठेवली आणि चालत निघालो. दारादारांतून माणसं डोकावू लागली. चाळीसमोर उभं राहून मी मोठ्याने हाक मारली, "काका, आहात का घरी? चहाला आलोय!"

काका बनियनवरच बाहेर आले, मला बघून शर्ट घालायला आत पळाले. वहिनींनी घाईघाईने ओटीवर चटई टाकली. "आज टँकर उशिरा आला हो, पाणी बेतानंच आहे," असं म्हणत कप विसळले. आत बसायला जागा होती, पण मी बाहेरच बसलो. समोरच्या खोलीतली एक बाई न बोलता साखरेचा डबा घेऊन आली. वहिनींनी तो घेतला आणि तिलाही कप दिला.

आम्ही तासभर बसलो. मी तीन कप चहा प्यायलो.